खाऱ्या हवेत कॅमेरा घेताना

दापोलीत माझं औषधांचं दुकान आहे. गुरुवारी ते बंद असतं, आणि गेली बारा वर्षं बहुतेक गुरुवार मी कॅमेरा घेऊन हर्णैला नाहीतर आंजर्ल्याला काढतो. त्यामुळे औषध घ्यायला आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "काका, मुलीला कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी आधी उलट विचारतो: फोटो कशाचे काढणार ती? आणि पावसाळ्यात कॅमेरा ठेवणार कुठे?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण माझी पहिली लेन्स त्यापायीच गेली. मे महिन्यात बॅग कपाटात ठेवली ती थेट गणपतीत काढली. आरतीचे सगळे फोटो धुरकट आले, प्रत्येक निरांजनाभोवती पांढरं वलय. लेन्स उजेडाला धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले. बुरशी. हवा सतत दमट राहिली की ती धरते, आणि आपल्याकडे पावसाळाभर हवा दमटच. ती काचेवरचा लेप खाते, म्हणून साफ करून घेतली तरी लेन्स पहिल्यासारखी होईलच असं नाही.

तेव्हा पहिला खर्च डब्याचा धरा. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र. आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. दाणे नारिंगी घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते घरात नको. रंग बदलला की स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा कोरडे होतात. कॅमेऱ्यासोबत कातडी केस मिळाली असेल तर ती वेगळी ठेवा, कातडं ओल धरून ठेवतं.

आता फोटो कशाचे. मला माणसांचे आवडतात, आणि त्यासाठी हर्णैच्या बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावासारखी जागा नाही. होड्यांतून पाट्या उतरतात, वाळूवर पापलेट-सुरमईचे ढीग लागतात, भोवती कोळणींचं कडं. बोली चढत असते तेव्हा एखादी नुसती दोन बोटं वर करते, मनगटावरून खारं पाणी कोपरापर्यंत ओघळत असतं. हा फोटो तीन-चार पावलांवरूनच निघतो. त्याला लांबची झूम कामाची नाही, ३५ मिमी एफ/१.८ ची साधी लेन्स लागते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). सूर्य सुवर्णदुर्गामागे कलला की कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स थकते. ३५ मिमीवर ती जेमतेम एफ/४.५ पर्यंत उघडते, एफ/१.८ ची लेन्स तिच्या सहापट प्रकाश आत घेते. किट लेन्सला जिथे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, जी वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० करावा लागतो, तिथे हिचं १००० वर भागतं. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हाही हीच उपयोगी पडते, कारण उजेड कोवळा असतो, फ्लॅश मारायचा नसतो आणि पिल्लू चालत राहतं.

पक्ष्यांसाठी ७०-३०० मिमीच्या झूमपासून सुरुवात करा. एपीएस-सी या लहान सेन्सरवर ३०० मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या, ४५० मिमीएवढी दिसते (कॅननवर ४८०), थंडीत किनाऱ्यावर उतरणाऱ्या कुरवांना ती पुरते. समुद्रगरुडाला नाही पुरत, पण त्यासाठीची लेन्स पहिल्याच वर्षी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

फुल फ्रेमचा आग्रहही नको. बॉडी एकवेळ परवडते, लेन्सा महाग आणि जड पडतात. नवीनच घ्यायचा तर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, घ्या. कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड हे दोन्ही माउंट (लेन्स जिथे बसते ती जोडणी) २०१८ चे, आणि दोघांच्या नव्या लेन्सा आता त्यांवरच येतात. पैसे बेताचे असतील तर जुना डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, बिनधास्त घ्या. मी निकॉन डी७२०० वापरलेलाच घेतला. डी५६०० त्यानंतरचा असूनही हा निवडला, कारण याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे, त्यामुळे निकॉनच्या जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सा यावर आपोआप फोकस होतात. शिवाय सांध्यांना दमट हवेपासून संरक्षण आहे. ते लेन्सच्या बाजूने नसेल तर मात्र अर्धंच समजा. लेन्सच्या धातूच्या कडेला बारीक रबरी कडं आहे का, बोट फिरवून बघा.

वापरलेली लेन्स घेताना दुकानातला उजेड पुरत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक) पूर्ण उघडा, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा, दुसऱ्या बाजूने बघा. धूळ चालेल. धागे किंवा धुरकट डाग दिसले तर निम्म्या किमतीतही घेऊ नका, आणि तुमच्या डब्यात तर अजिबात नको. पुण्यातल्या एका दुकानदाराने "ती धूळ आहे हो" म्हणून मला अशीच लेन्स गळ्यात मारली होती. टॉर्च खिशात होता, भिडेपोटी काढला नाही.

लेन्स घरूनच लावून निघा, वाळूत बदलायची नाही. परत आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने, मग तासभर पंख्याखाली. डब्यात त्यानंतरच.