गर्भपातावर परिसंवाद ठेवताय? मग या चुका टाळा

महिला दिन जवळ आला की फोन सुरू होतात. "मॅडम, 'गर्भपात: हक्क की हत्या?' असा विषय घेतलाय. दोन्ही बाजूंचे वक्ते ठरलेत, हॉलही मिळालाय. तुम्ही फक्त सूत्रसंचालन करा." शीर्षकातच भांडण लावून दिल्यावर सूत्रसंचालन कसलं करायचं? तरी जाते, आणि दरवेळी त्याच चुका बघून येते.

दोन कायद्यांची सरमिसळ. ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाते. एका तालुक्याच्या गावी व्यासपीठावर एक निवृत्त सरकारी डॉक्टर होते आणि महिला संघटनेच्या एक ताई. डॉक्टर तावातावानं म्हणत होते, "पोटातच मुली मारल्या जातायत, गर्भपात बंदच झाले पाहिजेत." ताईंचं एकच पालुपद, "बाईच्या शरीरावर बाईचाच हक्क." वास्तविक या ताईंनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोर्चे काढलेले, आणि डॉक्टरांनी नोकरीत असताना कितीतरी कायदेशीर गर्भपात केलेले. दोघांचं बऱ्यापैकी एकमत होतं, पण विचारतंय कोण? पाऊण तास खडाजंगी झाली. मी मागच्या रांगेत होते. माझ्या पुढची एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हणजे दवाखान्यात गेलं तर पोलीस धरतात का गं?"

पाऊण तासाच्या विद्वत्तेतून तिच्या हाती एवढंच लागलं.

डॉक्टरांचा संताप खोटा नव्हता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आल्या. पण गर्भपाताचा कायदा वेगळा, तो १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. हे वाक्य मी दोनदा म्हणते, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही.

यावर माझा उपाय म्हणजे खडू आणि फळा. दोन रकाने, दोन कायदे, पहिली दहा मिनिटं. वक्ते कंटाळतात, कंटाळू देत. "स्लाइड ग्रुपवर टाकतो की" म्हणणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांना माझं सांगणं एवढंच, की ग्रुपवर टाकलेलं कुणी वाचत नाही.

भ्रूणाचे फोटो लावणं. नको. बस्स.

व्यासपीठावर चार पुरुष आणि आभाराला एक बाई. यावर लिहायचाही कंटाळा आलाय.

"रंग भरेल" म्हणून कट्टर वक्ते आणणं. रंग भरतोच, पण नंतर भिंत पुसायला कुणी थांबत नाही. नवख्यांना मी ऑक्टोबर २०२३ चं सर्वोच्च न्यायालयाचं प्रकरण वाचायला सांगते. सव्वीस आठवड्यांची गर्भवती, समोर न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना. एकच प्रकरण, दोन उलटे निष्कर्ष, आणि एकीनंही दुसरीच्या हेतूवर बोट ठेवलं नाही. पुढे तिघांच्या खंडपीठानं परवानगी नाकारली.

दोनच बाजू आहेत असं धरून चालणं. गर्भात व्यंग आहे म्हणून गर्भपात, हा मुद्दा निघाला की अपंगांच्या हक्कांसाठी झटणारी माणसं अस्वस्थ होतात. त्यातली बरीच एरवी बाईच्या निवडीच्या बाजूची असतात. त्यांना कुठल्या खुर्चीवर बसवाल? म्हणून मी समोरासमोर टेबलं मांडूच देत नाही. अर्धगोल, आणि नावांच्या पाट्या मिसळून.

शेवटी हात वर करायला लावणं. ही माझी दुसरी लाडकी चूक. "कोण जिंकलं?" हे कळल्याशिवाय संयोजकांना घरी जाववत नाही. त्यांना मी बॉस्टनची गोष्ट ऐकवते. ३० डिसेंबर १९९४ ला बॉस्टनला लागूनच असलेल्या ब्रुकलाइनमध्ये जॉन साल्वी नावाच्या माणसानं गर्भपाताची सोय असलेल्या दोन दवाखान्यांत गोळीबार केला. स्वागतकक्षातल्या दोघीजणी मेल्या, पाचजण जखमी झाले. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या तीन-तीन अशा सहा पुढारी बायका गुपचूप भेटू लागल्या. बोलणं रुळावर ठेवायला लॉरा चेसिन आणि सुझन पॉडझिबा. पोटातल्या जिवाला म्हणायचं काय, इथेच गाडी अडली. अखेर 'मानवी गर्भ' यावर तडजोड झाली, तीही कुणाला मनापासून न पटलेली. मोजक्या बैठकांचा बेत पाच वर्षांहून जास्त चालला. जानेवारी २००१ मध्ये सहाजणींनी 'बॉस्टन ग्लोब'मध्ये एकत्र लेख लिहिला, तेव्हा कुठे जगाला कळलं.

मत कुणाचं बदललं? एकीचंही नाही, उलट आपापली मतं आणखी पक्की झाल्याचं त्यांनीच लिहिलं. पण हिंसेचं समर्थन करणारा एकजण बाहेरून बॉस्टनला येऊ घातला, तेव्हा 'तू येऊ नकोस' असं त्याला गर्भपातविरोधी गटातल्या बायकांनीच कळवलं. आता हे हात वर करून मोजा.

मोबाइल चालू ठेवणं. कॅमेरा दिसला की वक्ता समोरच्याशी बोलायचं सोडून आपल्या गोटाशी बोलतो. त्या सहाजणी गुपचूप भेटल्या त्या काही हौस म्हणून नाही. माझ्याकडे फोन दाराशी टोपलीत जातात. रील हवं असेल तर चहाच्या वेळी काढा.

प्रश्नोत्तरांना माइक फिरवणं. माइक हातात आला की प्रश्नाचं भाषण होतं, आणि जिला खरंच विचारायचंय ती उठतच नाही. मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते, नाव न घालता. चिठ्ठ्या आधी एकटीनं वाचते, कारण त्यात कधीकधी प्रश्न नसतो, मदत मागितलेली असते. अशी चिठ्ठी जाहीर वाचायची नाही. "मी अर्धा तास इथेच थांबणार आहे," एवढंच सांगायचं, आणि खरंच थांबायचं.

इतकं करूनही भांडण पेटलंच, तर मी दोघांनाही थांबवते आणि समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायला लावते. समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढे सरकायचं नाही. पहिल्या फेरीत बहुतेकांना जमत नाही, टोमणा निघतोच. मग पुन्हा. संयोजक खालून घड्याळ दाखवत असतात, हॉल आठला रिकामा करायचा असतो. म्हणून बुकिंग करतानाच नऊपर्यंतचं करा.