कंपनीला काय हवं, याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

कंपनी तुमच्यात काय बघते, असं इंजिनिअरिंगच्या अंतिम वर्षाच्या मुलामुलींना विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: फाडफाड इंग्रजी, बरा सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) आणि सर्टिफिकेटांची चळत. यातलं काहीच वाया जात नाही, पण सगळी तयारी एवढ्यावरच बेतली की गाडी चुकते. जागतिक बँकेने 2011 मध्ये भारतातल्या कंपन्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 64 टक्के कंपन्या नव्या इंजिनिअरांवर जेमतेमच समाधानी होत्या किंवा तेवढ्याही नव्हत्या. विश्वासूपणा, शिकण्याची तयारी आणि चौघांत मिळून काम करणं त्यांना फार महत्त्वाचं वाटत होतं. मुलं कमी पडत होती ती प्रश्नाच्या मुळाशी जाण्यात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विकतचा प्रोजेक्ट. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात) मुलाखतीला बसलात आणि रेझ्युमेवर ‘कास्टिंगमधील दोष कमी करणे’ असं लिहिलेलं असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच: ब्लोहोल (ओतलेल्या धातूत राहणारी पोकळ छिद्रं) कशामुळे येत होते? ‘गॅस अडकल्यामुळे’ हे पुस्तकातलं उत्तर झालं. समोरच्याला पुढचं ऐकायचं असतं. वाळूत ओलावा किती होता, वाळूतून हवा नीट बाहेर जात होती का, व्हेंट (गॅस बाहेर जायच्या वाटा) कुठे दिले होते, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितली का? ज्याने मोल्ड (वाळूचा साचा) जवळून बघितलाय तो मोडक्यातोडक्या भाषेतही हे सांगतो, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं. कॉम्प्युटरवाल्यांनाही हेच लागू. दुसऱ्याचा कोड असेल तर ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ एवढ्या एका प्रश्नावर गाडं अडतं.

प्रोजेक्ट आधीच विकत घेऊन झाला असेल, तरी वेळ गेलेली नाही. तो उघडा, एक भाग स्वतः पुन्हा बनवा, मापं घ्या, कुठे बिघडतो ते वहीत लिहून ठेवा. मुलाखतीत तेवढाच भाग आपला म्हणून सांगा.

इंटर्नशिपला न जाता नुसतं सर्टिफिकेट आणणं ही दुसरी चूक. शिफ्टला वेळेवर येणं, यायला जमणार नसेल तर आधी फोन करणं हे वर्गात शिकून येत नाही, आणि विश्वास बसतो तो त्यावरच.

संवाद म्हणजे फक्त इंग्रजी, हा समजही सोडा. ग्राहकाला ईमेल इंग्रजीत जाईल, पण ड्रॉइंगमधला टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) मशीनवरच्या माणसाला मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगावा लागतो, आणि त्याचं म्हणणं ऐकूनही घ्यावं लागतं. तीस वर्षं लेथवर काढलेल्या मामांना ‘असं का करताय?’ हे नीट विचारता येणं फार मोलाचं आहे. कोल्हापुरात असाल तर छोट्या वर्कशॉपचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. सुट्टीत एखाद्या वर्कशॉपच्या मालकांना भेटा, आठवडाभर नुसतं उभं राहून बघायची परवानगी मागा आणि सोबत व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) न्या.