बेरीज काढली आणि खेळ चालू लागला
भाच्यांसाठी एका पानात मावेल असा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ, करायला घेतला होता. पावसात रात्री गडावर अडकलेली टोळी, एवढीच गोष्ट. नियम: दोन फासे टाकायचे, त्यांच्या बेरजेत पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे, 7 किंवा जास्त झाले की जमलं. तिसऱ्याच प्रसंगात सगळी रंगत निघून गेली. कौशल्य 3 असलेली भाची हरेचना! कागदावर मांडलं तेव्हा कळलं, तिला फाशांवर फक्त 4 किंवा जास्त हवे होते; म्हणजे 36 पैकी 33 वेळा यश. वर धाकट्याची बोटांवरची बेरीज संपता संपत नव्हती.

मग गुणच काढून टाकले. एरवी एक फासा. हातखंडा असेल तर दोन, आणि त्यांतला मोठा आकडा धरायचा. 6 म्हणजे फत्ते, 4-5 ला जमतं पण काहीतरी गमावून, त्याखाली फसलं. दोन फाशांवर फत्ते 36 पैकी 11 वेळा, फजिती 9 वेळा. उरलेल्या 16 वेळांतच खरी मजा: दोर सापडला, पण बॅटरी दरीत गेली.

एक खोट उरली होती. फसलं की मी पुन्हा फासे टाकू द्यायचो. आता सूत्रधाराने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, परिस्थिती बदलायचीच. दार उघडलं नाही, आणि आतून कुणीतरी कडी लावली.

परवा टोळी पाऊण तासात खाली उतरली. बॅटरीशिवाय.