पस्तिशीनंतर एमबीबीएसची फाइल कशी लावावी

अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून वही भरली असेल, तर ती वही आधी रद्दीत टाका. दवाखान्यात किती तास सेवा केली, निबंधात काय लिहिलं, शिफारसपत्र कुणाचं आहे, हे आपल्याकडे कुणीही विचारत नाही. एमबीबीएसला ‘नीट’ या प्रवेश परीक्षेचे गुण लागतात आणि कागद लागतात. तुमच्या बारा वर्षांच्या नोकरीला गुणवत्ता यादीत अर्धा गुणही मिळत नाही. वयाचा प्रश्न नातेवाइकांना पडतो, नियमांना नाही: कमाल वयाची अट 2022 मध्ये काढून टाकली. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 17 पूर्ण असले की झालं. ते तुमचे दोनदा झालेले आहेत.

मी 2005 ला बारावी, 2009 ला बीई, मग बारा वर्षं नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला. सीट मिळाली 2023 ला. त्यानंतर ओळखीतल्या आठ-नऊ जणांच्या फायली माझ्याच डायनिंग टेबलावर लागल्या आहेत. त्या जोरावर हे लिहिते आहे.

पहिलं काम, बारावीची गुणपत्रिका काढून बघा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेत. तीन शास्त्रांत मिळून खुल्या गटाला 50 टक्के, राखीव गटांना 40. जीवशास्त्र घेतलंच नव्हतं म्हणून रडत बसू नका. बारावीनंतर वेगळा विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्र नोव्हेंबर 2023 पासून चालतं. राज्य मंडळाच्या भाषेत याला ‘तुरळक विषय’ म्हणतात. सिव्हिल लाइन्समधल्या विभागीय मंडळात हाच शब्द वापरा, नाहीतर तुम्हाला नापासांच्या रांगेत उभं करतील. यात पूर्ण वर्ष जातं, ते धरूनच चाला.

अभ्यासाबद्दल एकच ओळ: 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे आहेत आणि ते एनसीईआरटीच्या पुस्तकांत आहेत. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच पेपर असतो. नागपूरचा मे तुम्हाला माहीतच आहे.

नीटच्या फॉर्मवर नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या बायकांनी फॉर्म निघण्याच्या चार महिने आधी हे निस्तरावं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र, काहीतरी एक हाताशी हवंच. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र ही माहेरच्या नावाची असतात, ती तशीच राहू द्या. नॉन-क्रिमिलेअरसाठी आई-वडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याची नाही. सासरच्यांचे उत्पन्नाचे कागद घेऊन तहसीलला चकरा मारणाऱ्या दोघी मी पाहिल्या आहेत.

आता खरी अडचण. गॅप.

शिक्षणात खंड पडला असेल तर तो का पडला, याचं शपथपत्र द्यावं लागतं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडे गेले. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि साल बदलायचं. त्यात एक वाक्य होतं: ‘सदर कालावधीत मी अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही.’ आणि कालावधी टाकला होता 2005 ते 2023. मी म्हटलं, भाऊ, मी इंजिनिअरिंग केलं आहे ना मधात. तो म्हणाला, ‘काही होत नाही ताई, सगळ्यांचं असंच जाते.’ मी सही केली.

कागदपत्रं तपासणाऱ्या बाईंनी काही न बोलता पेन्सिलीने ‘अन्य कोणत्याही’भोवती गोल केला आणि फायलीतली माझीच बीईची पदवी त्याच्या शेजारी ठेवली. ती पदवी मी मोठ्या हौशीने वर लावली होती. म्हणजे स्टॅम्पवर, शपथेवर, नोटरीच्या शिक्क्यासकट मी खोटं बोलले होते, आणि पुरावाही मीच जोडला होता. त्या बाई भल्या होत्या. दुसऱ्या दिवसापर्यंत नवीन आणा म्हणाल्या. तशी माणसं दर वेळी भेटत नाहीत.

तेव्हा शपथपत्राचा मजकूर घरी, स्वतः लिहा. टायपिंगवाल्याला तोच टाइप करायला लावा, त्याचा नमुना बघूसुद्धा नका. आधी एका कागदावर बारावीपासून आजपर्यंतची प्रत्येक वर्षं मांडा. शिकत होतात ती वर्षं गॅप नाहीत. तिथे कॉलेजचं नाव आणि पदवी लिहा, गुणपत्रिका जोडा. नोकरीची वर्षं मात्र गॅपच. कंपनीचं अनुभवपत्र हा शपथपत्राला पर्याय नाही, त्याला जोडायचा कागद आहे. घरी बसून काढलेली वर्षंही लाज न बाळगता लिहा: बाळंतपण, वडिलांचं आजारपण, नीटची तयारी, जे असेल ते. आणि एका तारखेला जे संपतं त्याच्या पुढच्या तारखेला दुसरं सुरू व्हायला हवं. मधे सहा महिने हवेत लोंबकळले की प्रश्न येतोच.

याच गाठीची दुसरी दोरी म्हणजे टीसी. बारावीची टीसी तुमच्या डिग्री कॉलेजने केव्हाच ठेवून घेतली आहे. तुम्हाला शेवटच्या कॉलेजची टीसी लागेल, आणि नागपूर विद्यापीठातून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात जायचं म्हणून मायग्रेशन प्रमाणपत्रही. ही दोन्ही निकालाची वाट न बघता काढून ठेवा. टीसी हरवली असेल तर दुसरी प्रत काढायला पोलिसांतली नोंद आणि आणखी एक शपथपत्र. तेही स्वतः लिहा.

निकालानंतर नोंदणी दोन ठिकाणी करायची. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन सरकारी कॉलेजांच्या 85 टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलकडून, उरलेल्या 15 केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडून, म्हणजे एमसीसीकडून. नागपुरात मिहानमधलं एम्स आणि वर्ध्याजवळच्या सावंगीचं अभिमत विद्यापीठ पूर्णपणे एमसीसीकडे. राज्याच्या जागांसाठी अधिवासाचा दाखला हवाच, शिवाय दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. अपवाद थोडे आहेत. बारावी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा किंवा शिवनीहून केली असेल तर हे सगळ्यात आधी तपासा.

पैशांचा हिशेब साडेपाच वर्षांचा मांडा, साडेचारचा नाही. इंटर्नशिप त्यातच येते. सरकारी कॉलेजात शिकलात तर पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा, नाहीतर 10 लाख. चाळिशीच्या आसपास हे वर्ष जड जातं, आजच घरच्यांशी बोलून घ्या.

राजीनामा सीट हातात आल्यावरच. पण नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा आणि कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस, म्हणून एचआरला नीटच्या निकालाच्या दिवशीच विचारून ठेवा की पगार भरून लवकर सोडाल का, आणि उत्तर मेलवर घ्या. मूळ कागद कॉलेजात जमा झाले की लवकर हाती येत नाहीत. ज्या ज्या कामाला मूळ पदवी लागते ते त्याआधी उरका. सगळ्याचे रंगीत स्कॅन करून ठेवा, मागच्या बाजूसकट. शिक्के मागे असतात.