अर्धशिशीच्या आधी जे दिसते ते छायाचित्रात कसे उतरवावे

अर्धशिशीचा त्रास असलेल्या काही जणांना डोके दुखू लागण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे दृष्टीत विलक्षण बदल जाणवतो. वैद्यकीय परिभाषेत त्याला ऑरा म्हणतात. मला हा अनुभव कॉलेजच्या दिवसांपासून येतो आणि तो शब्दांत सांगण्याचे माझे बहुतेक प्रयत्न फसलेले आहेत. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’ असे म्हटले की ऐकणारा मान डोलावतो, परंतु त्याच्या मनात उभे राहते ते चित्र आणि मला दिसते ते यांत काहीच साम्य नसते. म्हणून मी छायाचित्रे घेऊन त्यांवर संगणकावर संस्करण करू लागले. या लेखात त्या कामाची माझी पद्धत, हे काम करू इच्छिणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोग होईल इतक्या तपशिलाने, मांडली आहे.

आधी एक अत्यावश्यक सूचना. दृष्टीत असा बदल प्रथमच झाला, एकाच डोळ्यात झाला, तासाभराहून अधिक टिकला किंवा सोबत हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे असे काही जाणवले, तर कॅमेरा बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. ज्यांचे निदान पूर्वीच झाले आहे आणि ज्यांना आपल्या ऑऱ्याची चांगली ओळख आहे, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे.

काय दाखवायचे हे नेमके ठरल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नये. ऑरा डोळ्यात घडत नाही, मेंदूत घडतो. मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टीचे काम पाहणाऱ्या पृष्ठभागावरून एक लाट अतिशय संथपणे सरकते. कार्ल लॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑऱ्याच्या आकृत्या ठरावीक अंतराने काढल्या आणि त्यांवरून या लाटेचा वेग मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर असावा, असा हिशेब १९४१ मध्ये मांडला. लाट मेंदूच्या एका बाजूला असल्यामुळे बदल दृष्टीच्या विरुद्ध अर्ध्या भागात दिसतो, दोन्ही डोळ्यांना दिसतो आणि डोळे मिटले तरी नागमोडी रेघ दिसतच राहते. सुरुवात नजरेच्या केंद्राजवळ एका अस्पष्ट डागाने होते. वाचताना एखादे अक्षर सापडत नाही, तेव्हा ती कळते. मग त्या डागाची घोड्याच्या नालेसारखी कमान होते. तिचा फुगवटा बाहेरच्या बाजूला असतो, तिच्या कडेवर टोकदार नागमोडी रेघा लखलखत असतात आणि कडेच्या आतल्या अंगाला एक पट्टा असा असतो, की तिथे काहीच दिसत नाही. कमान बाहेर सरकत जाते तशी केंद्राकडची दृष्टी परत येते.

या नागमोडी कडेचे सुंदर रेखाटन ह्युबर्ट एअरी या ब्रिटिश डॉक्टरने १८७० मध्ये प्रसिद्ध केले. तिला त्याने दिलेल्या नावात नगराच्या तटासाठी असलेला ग्रीक शब्द आहे. तटबंदी म्हटले की आपल्यापुढे डोंगराच्या कड्याबरोबर वळत जाणारा तट आणि गोल बुरूज उभे राहतात, पण इथे ते चित्र उपयोगाचे नाही. वसईच्या पोर्तुगीज किल्ल्याचा नकाशा पाहावा. बाणाच्या अग्रासारखे बाहेर आलेले टोकदार बुरूज आणि आत-बाहेर मोडत जाणारी कडा, हा आकार डोळ्यांपुढे ठेवून काम केले तर रेघ चुकत नाही.

बहुतेक चित्रांत झगमगाटावर भर दिलेला असतो. माझ्या मते खरा गाभा त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात आहे. तो पट्टा काळा नसतो. पांढराही नसतो. आपल्या डोक्यामागे जसे काळे दिसत नाही, नुसते काही दिसतच नाही, तसा तो असतो, आणि आजूबाजूला भिंत, फरशी, रेघांचे कापड असे एकसारखे काही असेल तर मेंदू तेच त्या जागेत भरून टाकतो. लॅशलीने नोंदवले आहे, की मित्राशी बोलताना त्याने नजर चेहऱ्याच्या किंचित उजवीकडे नेली आणि मित्राचे डोके नाहीसे झाले. खांदे आणि टाय दिसत राहिले, आणि मागच्या भिंतीवरच्या कागदाचे उभे पट्टे थेट टायपर्यंत उतरलेले दिसले. सगळी पद्धत या एका निरीक्षणातून निघते. जे नाहीसे झाले त्याच्या जागी भोक करायचे नाही, तिथे त्याच्यामागची पार्श्वभूमी आणायची.

त्यासाठी मूळ छायाचित्र विचारपूर्वक घ्यावे लागते. माझ्या संग्रहातले सर्वांत यशस्वी छायाचित्र आमच्या स्वयंपाकघरातले आहे. आई ओट्यापाशी चहा गाळते आहे आणि तिच्यामागे पांढऱ्या चौकोनी टाइल्सची भिंत आहे. कॅमेरा माझ्या डोळ्यांच्या उंचीवर ट्रायपॉडवर लावला. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कुलूपबंद केले आणि आधी आईसह व मग आई बाजूला झाल्यावर रिकाम्या ओट्याचे, अशी दोन छायाचित्रे घेतली. दोन्हींत कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, म्हणून टायमर किंवा रिमोट वापरावा. खिडकीतून ऊन येत असेल तर दोन छायाचित्रांमध्ये मिनिटभरापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नये, कारण ढग सरकला तरी भिंतीचा रंग बदलतो आणि जोड उघडा पडतो. शक्य असल्यास रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्करण न केलेल्या मूळ फाइलच्या रूपात, छायाचित्र घ्यावे.

लेन्सची निवड हा आवडीचा प्रश्न नाही, कारण तिच्यावर पुढचा सर्व हिशेब अवलंबून आहे. ऑऱ्याचे आकारमान कोनांत मोजले जाते. हात पूर्ण लांब केला असता करंगळीच्या नखाची रुंदी सुमारे १ अंश आणि मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र असेल, तर चित्राच्या मध्याजवळ १ अंशाला साधारण १०० पिक्सेल पडतात, आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे १४५. मी ३५ मिलिमीटर वापरते, कारण हिशेब तोंडी करता येतो.

आकृतीसाठीच्या नोंदी प्रत्यक्ष ऑरा सुरू असतानाच घ्याव्यात. मी टेबलाच्या खणात एक मोठा कोरा कागद ठेवते, त्याच्या मधोमध ठळक ठिपका आहे. ऑरा सुरू झाला की बसून कागद हातभर अंतरावर धरायचा, नजर ठिपक्यावरून हलू द्यायची नाही आणि जिथे कडा लखलखते आहे तिथे पेन्सिलने रेघ ओढायची. असे दर पाच मिनिटांनी करायचे. घड्याळातला आकडा दिसेनासा होतो, म्हणून फोनवर पाच मिनिटांचा गजर लावून ठेवते आणि रंग, लखलखाटाचा वेग, मनाची अवस्था हे सर्व बोलून ध्वनिमुद्रित करते. रस्त्यात असताना ऑरा आला तर नोंदींचा विचारही करू नये. गाडी कडेला घेऊन थांबावे.

आता संगणकावरचे काम. फोटोशॉप, गिम्प किंवा क्रिटा यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर चालते. रिकाम्या ओट्याचे छायाचित्र खालच्या लेयरवर (थरावर) आणि आईचे छायाचित्र वरच्या लेयरवर ठेवावे. सर्वांत वर एक स्वतंत्र लेयर घेऊन त्यावर नजर जिथे रोखली आहे तो बिंदू खुणेसाठी मांडावा. माझ्या चित्रात तो आईच्या चेहऱ्याच्या किंचित डावीकडे, टाइल्सच्या एका जोडावर होता. या बिंदूपासून कमानीचे अंतर मोजायचे. इथे एक गोष्ट मनात पक्की असावी. मेंदूवर लाट जवळपास एकाच वेगाने सरकते, परंतु नजरेच्या केंद्राला मेंदूने फार मोठी जागा दिलेली असल्यामुळे दिसताना कमान आधी रेंगाळते आणि कडेला गेल्यावर धावते. हिशेबाने हे अंतर पहिल्या पाच मिनिटांत साधारण साडेतीन पट आणि त्यानंतर दर पाच मिनिटांनी साधारण अडीच पट होते. आरंभी १ अंश धरले तर पुढे सुमारे ३.५, ९ आणि २३ अंश येतात, म्हणजे माझ्या छायाचित्रात १००, ३५०, ९०० आणि २३०० पिक्सेल. चार चित्रांची मालिका करताना कमानी समान अंतरावर ठेवल्या तर अनुभव असलेल्या माणसाला ते लगेच खोटे वाटते.

न दिसणारा पट्टा तयार करण्यासाठी आईच्या लेयरला मास्क, म्हणजे लेयरचा हवा तो भाग झाकणारा पडदा, लावावा आणि कमानीच्या आतल्या अंगाने मऊ ब्रशने काळा रंग भरावा. जिथे भरला तिथे आई नाहीशी होऊन खालच्या टाइल्स दिसू लागतात. मास्कची कडा ठळक राहू देऊ नये, कारण प्रत्यक्षातही दृष्टी कुठे संपली हे बोटाने दाखवता येत नाही. मग त्या पट्ट्यातल्या टाइल्सचा तपशील थोडा कमी करावा. रिकाम्या लेयरची प्रत घेऊन तिला हलका ब्लर द्यावा आणि ती फक्त त्या पट्ट्यापुरती दिसू द्यावी. टाइल्सच्या रेघा राहाव्यात, पण त्यांवरचे डाग, तेलाचे शिंतोडे, तडे निघून जावेत. मेंदू भरतो तो नमुना असतो, तपशील नसतो. रिकाम्या पार्श्वभूमीचे छायाचित्र घ्यायचे राहून गेले असेल तर क्लोन आणि हीलिंग ब्रशने भिंत पुढे ओढता येते, मात्र त्याला तिप्पट वेळ लागतो आणि जोड लपत नाहीत.

छापील मजकुराचे चित्र करायचे असेल तर देवनागरीने मला एक वाट दाखवली. ऑऱ्यात ओळ वाचताना कित्येकदा शिरोरेषा अखंड चालू असल्यासारखी वाटते आणि तिच्याखालची अक्षरे मात्र नसतात. दोरीवरचे कपडे कोणी काढून न्यावेत आणि दोरी तेवढी राहावी, तसे ते दिसते. वर्तमानपत्राच्या छायाचित्रात अक्षरे पुसताना मी शिरोरेषेची पट्टी वेगळी निवडून जपून ठेवते आणि तिच्याखाली कागदाचा पोत भरते. माझ्या बहिणीलाही हा त्रास आहे. इतर सगळ्या चित्रांवर तिने सूचना केल्या, पण या चित्रावर काही न बोलता बराच वेळ बोट ठेवून बसली.

लखलखणारी कडा सर्वांत शेवटी काढावी. पेन किंवा पाथ टूलने कमानीवर बिंदू आलटून पालटून आत-बाहेर ठेवावेत आणि कठीण कडेच्या ब्रशने त्या पाथवर रेघ मारावी. प्रत्येक तुकड्याची लांबी मी केंद्रापासूनच्या अंतराच्या सुमारे दहाव्या भागाइतकी ठेवते. त्यामुळे केंद्राजवळ दात बारीक आणि बाहेर मोठे येतात, जसे ते खरोखर असतात. शेजारी शेजारी दोन-तीन ओळी असाव्यात, काळी आणि पांढरी आलटून पालटून, आणि कुठेकुठे निळ्या-पिवळ्याची अगदी बारीक किनार. ब्लेंड मोड, म्हणजे लेयर खालच्या लेयरमध्ये कसा मिसळावा याची निवड, नॉर्मल ठेवावा. ‘स्क्रीन’ निवडला की काळ्या रेघा नाहीशा होतात आणि उरते ती दिवाळीच्या तोरणासारखी रोषणाई. या रेघांना ब्लर देऊ नये, त्यांचा उजेड भिंतीवर किंवा चेहऱ्यावर पडलेला दाखवू नये आणि दृश्यातल्या दूर-जवळच्या वस्तूंप्रमाणे त्यांचा फोकस बदलू नये. ती रेघ खोलीत नसते, त्यामुळे खोलीतले प्रकाशाचे नियम तिला लागू होत नाहीत. माझ्या सुरुवातीच्या डझनभर चित्रांत नेमकी हीच चूक होती. रेघेला प्रभा दिली, ती सुंदर दिसली आणि खोटी ठरली. याच कारणासाठी भडक रंग, भोवऱ्यासारखे पिळलेले दृश्य, माशाच्या डोळ्यासारखा फुगवटा हे सगळे टाळावे. बाकीची खोली अगदी रोजच्यासारखी राहिली पाहिजे, कारण ऑऱ्यातली भीती त्यातूनच येते.

कडेचा लखलखाट स्थिर चित्रात येत नाही, हे स्वीकारावे. हलते चित्र करून तो आणण्याचा मोह होतो, पण सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा चमकणारे चित्र प्रकाशसंवेदी अपस्मार (चमकत्या प्रकाशाने फिट येण्याचा विकार) असलेल्यांना धोकादायक ठरू शकते, आणि अर्धशिशीच्या रुग्णांनाही अशा चमकेने व दाट पट्ट्यांनी त्रास होतो. मी मालिकाच करते, आणि प्रदर्शनात लावताना अशा रेघा असल्याची पूर्वसूचना दाराशी लावते.

शेवटचा भाग पाहणाऱ्याच्या जागेचा आहे. ऑरा नजरेबरोबर फिरतो, पण छायाचित्रावर पाहणाऱ्याची नजर मनाला येईल तिथे जाते आणि तो ‘नसलेल्या’ जागेकडे सरळ पाहू शकतो. यावर पूर्ण उपाय नाही, तरी बरेच साधता येते. नजरेच्या बिंदूवर एक लहान खूण शिल्लक ठेवावी आणि तिच्याकडेच पाहण्याची विनंती करावी. ३५ मिलिमीटर लेन्सचे छायाचित्र त्याच्या रुंदीएवढ्याच अंतरावरून पाहिले तर सर्व कोन खरे ठरतात, म्हणजे ४५ सेंटिमीटर रुंद छापा सुमारे ४५ सेंटिमीटरवरून. फोनच्या पडद्यावर हे जमत नाही, तिथे कमान करंगळीच्या नखाएवढी होऊन बसते. म्हणून मी मोठे छापेच करून घेते, सर्व लेयर शाबूत असलेली मूळ फाइल वेगळी जपते आणि प्रत्येक छाप्याखाली लिहिते, की हे दोन छायाचित्रे जोडून नोंदींवरून पुन्हा उभे केलेले दृश्य आहे.

स्वयंपाकघरातला छापा तयार झाल्यावर आईला त्याच्यासमोर योग्य अंतरावर बसवले आणि टाइल्सच्या जोडावरच्या खुणेकडे पाहायला सांगितले. तिने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “म्हणजे तेव्हा मी तुला दिसत नव्हते, आणि मी तुझ्याशी बोलत होते?”