मुंबईत लोकनृत्य शिकायचंय? आधी तालमीचा हंगाम गाठा

लोकनृत्य शिकायचं मनात आलं की बहुतेक जण घराजवळचा डान्स क्लास बघतात. तिथे एखादं गाणं बसवून मिळतं आणि स्नेहसंमेलनाची वेळ निभावून जाते. मी शिकले ती मंडळांच्या तालमींत. नव्याने विचारणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते, की मुंबईत ही नृत्यं सणाच्या तोंडावर शिकायला मिळतात. कुठल्या वस्तीत कधी तालीम धरतात एवढं कळलं की निम्मं काम झालं.

माझी सुरुवात मंगळागौरीच्या खेळांपासून झाली. कार्यक्रम श्रावणातल्या मंगळवारांचे, म्हणून गिरगाव, दादर, पार्ल्याकडचे बायकांचे गट आषाढातच तयारीला लागतात. तालीम सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या रिकाम्या वर्गात, कुठे देवळाच्या सभागृहात. जाहिरात सहसा नसते. महिला मंडळात विचारायचं, नाहीतर मागच्या श्रावणात खेळलेली कुणीतरी ओळखीत निघतेच. वयाचं कुणी विचारत नाही. साठी उलटलेल्या बायका जिथे पुढाकार घेतात तो गट मी डोळे मिटून सुचवेन, कारण गाणी त्यांच्याकडेच जास्त असतात.

साधी फुगडीच घ्या. हातांची कात्री करून घट्ट पकड घ्यायची, पावलं जुळवून चवड्याला चवडा भिडवायचा आणि अंग मागे टाकायचं. नवी मुलगी हमखास कोपर वाकवते आणि जोडीदारणीला स्वतःकडे ओढते. मग दोघींचा तोल जातो. हात ताठ ठेवून वजन मागे सोडलं की वेग आपसूक येतो, दंडांवर ताणही कमी पडतो. थांबायचंसुद्धा शिकावं लागतं: वेग उतरेपर्यंत हात सोडायचे नाहीत. झिम्मा, पिंगा, लाट्या, बसफुगडी हे सगळं गात गात खेळायचं असतं, त्यामुळे खरी परीक्षा दमाची. गाणी आधी पाठ करा. आणि नऊवारी नेसून तालीम करायला लवकर सुरुवात करा. काष्ट्यात पाऊल किती पडतं ते सलवार-कुडत्यात कळत नाही. गुडघे दुखत असतील तर बसफुगडी सोडून द्या, बाकीचे खेळ भरपूर आहेत.

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या चाळींत आणि जिथे कोकणातल्या गावांची मंडळं आहेत अशा उपनगरांत जाखडीच्या तालमी सुरू होतात. यालाच बाल्या नाच म्हणतात. मध्ये शाहीर, ढोलकी, झांजा आणि त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचा फेर. आधी गण, मग गवळण, आणि शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे या दोन पक्षांच्या शाहिरांचा सामना असला तर सवाल-जवाब. परंपरेने हा पुरुषांचा नाच. आता बायकांचे संघही उभे राहिलेत. इथे नवख्याला पहिल्यांदा फेरात घेत नाहीत, कोरस धरायला बसवतात. ते कमीपणाचं मानू नका. ध्रुपद, म्हणजे गाण्याची परत परत येणारी ओळ, तोंडात बसलं की पाय कुठे उचलायचा ते ढोलकीच सांगते. चाळीत पारंपरिक तालीम बघायला मिळणं हे माझ्या मते या शहरातलं मोठं भाग्य आहे, आणि पुनर्विकासात अंगणं गेल्यापासून त्या जागा मिळेनाशा झाल्यात याचं फार वाईट वाटतं.

कोळी नृत्यासाठी वरळी, वेसावे, खारदांडा, माहीम अशा कोळीवाड्यांकडे वळा. नारळी पौर्णिमा, शिमगा आणि लग्नाची हळद हे त्यांचे नाचायचे दिवस. ठेका सहा मात्रांचा, अंग डोलतं ते होडीच्या लयीत, हात वल्हवल्यासारखे चालतात. पण ओळखीशिवाय घुसू नका, आणि विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका. कुणा कोळीण मावशीने हात धरून ओळीत ओढलं की शिकणं सुरू झालं समजा.

ज्यांना कवायतीची शिस्त आवडते त्यांनी लेझीम धरावं. शाळेत ‘चार आवाज’ हा लेझमीचा प्रकार केलेले बरेच असतात, हात लवकर बसतो. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांसाठी गिरगावात आणि डोंबिवलीत पथकं आधीपासून सराव करतात. डोंबिवलीची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ पासूनची. डांबरी रस्त्यावर तासन्‌तास चालायचं असतं, चांगले बूट हवेत. बाकी सराव पथकच करून घेतं.

लावणीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. सिनेमातल्या गाण्यांवर ठुमके शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. तिथे पैसे भरण्याआधी एकच विचारा: ढोलकीवर शिकवता की रेकॉर्डवर? ढोलकीचा तोडा आणि घुंगरांचं उत्तर यांचं नातं समोरासमोर बसल्याशिवाय कळत नाही. बैठकीच्या लावणीत तर अदाकारी बसल्या जागी, डोळ्यांनी आणि हातांनी करायची असते. सुरुवातीला घुंगरू थोडे बांधा. फडावरच्या कलावंतिणी किलोकिलोंनी वजन पेलतात, त्यांची बरोबरी करायला गेलात तर घोटे जातील.

यातच करिअर करायचं असेल तर कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत चौकशी करा. लोककलेचं रीतसर शिक्षण तिथे मिळतं, मुख्य म्हणजे विधिनाट्य, तमाशा, शाहिरी यांच्याशी नृत्याचा धागा जुळतो. कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या युवा महोत्सवातला लोकनृत्याचा संघ सोडू नका; मंच, वादक आणि दिग्दर्शक एकदम मिळण्याची ती सोय आहे. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीतल्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा. कार्यक्रम संपल्यावर विंगेत जाऊन वादकांशी बोला. कुठला संघ नवीन मुलं घेतोय, कुठे खरी तालीम होते, हे आधी ढोलकीवाल्याला माहीत असतं, कारण तो चार-पाच संघांना वाजवत असतो.