मोठ्या जातीच्या कुत्र्याचं माणसातलं वय कसं काढावं

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणती माणसं घोड्याचे दात बघून वय सांगतात. बैलाचंही तसंच: दोन दाती, चार दाती, जुळलेला. कुत्र्याचे दात मात्र पहिल्या सात महिन्यांपुरतेच उपयोगी पडतात. तेवढ्यात दुधाचे २८ पडून पक्के ४२ येतात आणि पुढे त्यांच्यावरून नेमकं वर्ष काढता येत नाही. म्हणून पिल्लू घरी आणलं त्याच दिवशी लसीच्या कार्डावर जन्माचा महिना लिहून ठेवा.

कुत्रा पूर्ण वाढला की त्याचं वजन करा. धान्याच्या सपाट काट्यावर तो निवांत उभा राहतो. साधारण २३ ते ४० किलो भरला तर तो मोठ्या जातीत मोडतो: लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड. ग्रेट डेनसारखे त्याहून अजस्र कुत्रे आणखी लवकर म्हातारे होतात, त्यांना खालचा हिशेब लावू नका.

आता वर्षं मोजा, पण सातने गुणू नका. एक वर्षाची कुत्री माजावर येऊन पिल्लं देऊ शकते. तिला सात वर्षांची पोर कसं म्हणायचं? पहिल्या वर्षाचे १५ धरा, दुसऱ्याचे ९, म्हणजे २४. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत दरवर्षी ४ मिळवा, ३६ होतात. सहाव्या वर्षी आकडा एकदम ४५ वर जातो. तिथून पुढे वर्षाला ५ ते ६ धरा: सातव्याला ५०, आठव्याला ५५, दहाव्याला ६६.

आमचा शेरू केळीच्या बागेत राखणीला असतो. आठव्या वर्षी तो ट्रॉलीत उडी मारेना. पुढचे दोन पाय फळीवर ठेवायचा आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहायचा. मला वाटलं, उन्हाने सुस्तावलाय. शेजारचे आबा म्हणाले, "आते त्यानं वय व्हई गये." घरी येऊन हिशेब मांडला, ५५ आले. डॉक्टरांनी तपासलं तर कंबरेचा सांधा झिजलेला. हा हिशेब दोन वर्षं आधी मांडायला हवा होता.

२०२० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १०४ लॅब्राडॉरच्या डीएनएवरचे बदल तपासून आणखी एक सूत्र मांडलं: वयाच्या नैसर्गिक लॉगॅरिथमला (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) १६ ने गुणायचं आणि त्यात ३१ मिळवायचे. त्याने आठ वर्षांचा कुत्रा ६४ चा ठरतो. पण वर्षाचं पिल्लू ३१ चं निघतं, म्हणून घरच्या वापराला मी वरचाच हिशेब धरतो.

जन्म माहीतच नसेल तर डोळ्यांत बघा. बुबुळामागे निळसर धूसरपणा बहुधा सहा-सात वर्षांनंतर दिसू लागतो. नुसत्या पांढऱ्या तोंडावर जाऊ नका, काहींचं फार लवकर पिकतं.

आकडा ४५ ला पोचला की दर सहा महिन्यांनी तपासणी करा आणि वजन वाढू देऊ नका, सगळा भार सांध्यांवर येतो. आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा कुत्र्याला फिरवायचं ते उजाडायच्या आत.

शेरूसाठी ट्रॉलीला आता रुंद फळी लावलीय. तिच्यावर गोणपाट ठोकलंय, त्याचा पाय घसरत नाही.